रामटेकची वानरीण आणि माझी भाड्याची लेन्स

मित्रांनो, दूरचा प्राणी जवळ आणणारी लेन्स जवळच्या प्राण्यापुढे हात टेकते, हे आज कळलं.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, त्यावरून माझी मैत्रीण श्रुती हिच्याशी भांडलो. आठ दिवस झाले, ती बोलत नाही. तिला वानरांचं भारी वेड. म्हणून सकाळीच भाड्याची भलीमोठी लेन्स घेऊन रामटेकच्या पायऱ्यांवर गेलो. पोटाशी पिल्लू धरलेली वानरीण थेट पुढ्यात आली, आणि एवढ्या जवळ फोकसच होईना! मी चार पायऱ्या मागे, तर ती चार पायऱ्या पुढे. मी कॅमेऱ्यावरच खेकसलो.

फुलवाली काकू हसली. "मागं काहून सरकून राहिला गा? प्रसाद लपवणारेच असे सरकतेत, तिले माहीत आहे. बस ना चूपचाप!"

बसलो. वानरीण कंटाळून दूरच्या कठड्यावर गेली, आणि फोटो असा आला की काय सांगू! लगेच श्रुतीला पाठवला.

आत्ता उत्तर आलं, "पिल्लाच्या हातात काय आहे?"

फोटो मोठा करून पाहिला. माझ्या लेन्सचं झाकण!

खरं सांगितलं तर म्हणेल, "तुले कशाचंच भान नसते." पण आठ दिवसांनी तिनं काहीतरी विचारलंय हो. काय लिहू?