आरोपीच्या पिंजऱ्यात केतकी

मी इंजिनीअर माणूस. कोणी भुताखेतांचं बोलायला लागलं की हसून उठून जाणारा. हे लिहितोय ते केवळ कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून...

आम्ही केंब्रिजला राहतो - ओंटारिओतलं केंब्रिज. मी कारच्या प्लांटमध्ये, बायको केतकी घरून काम करते. तिला नाटकाची भारी हौस. मागच्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, जवळच्या एका छोट्या गावात, जुन्या कोर्टहाउसमध्ये, एक खटला नाटक म्हणून करायचं ठरलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्याच कोर्टात चाललेला. डॉक्टरच्या स्कॉटिश बायकोने नवऱ्याला आर्सेनिक घातलं, असा आरोप. तेव्हा म्हणे लोक घोडागाड्या जुंपून, जेवणाचे डबे घेऊन ऐकायला यायचे! शेवटी पुराव्याअभावी ती सुटली. गाव आजही म्हणतं, बिचारीला उगाच छळलं.

केतकीने ऑडिशन दिली आणि नेमका तोच रोल तिला मिळाला. संवाद एकही नाही. त्या काळी आरोपीला साक्ष द्यायची परवानगीच नसायची.

"नुसतं उभं राहायचंय रे," ती म्हणाली.

रविवारची दुपार होती. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं, हॉल भरलेला. मी दुसऱ्या रांगेत. सरकारी वकील विषाबद्दल बोलत असताना केतकी हसली. मला वाटलं, अॅक्टिंग. मग पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून ती बोलायला लागली.

केतकी सांगलीची. तिचं इंग्रजी मी लग्नापासून ऐकतोय. हा आवाज तिचा नव्हता... घोगरा, स्कॉटिश लोकांसारखा प्रत्येक 'र' घोळवणारा.

"दुधातून दिलं," ती इंग्रजीत म्हणाली. "रोज थोडं थोडं. शेवटी तो पाणी मागत होता. मी समोर बसून राहिले. दिलं नाही."

हे सगळं थेट माझ्या डोळ्यांत बघून!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला विचारलं, "ते काय बोललीस मघाशी?"

"मी? मला डायलॉग कुठे होते?" ती खरंच गोंधळली होती.

तेवढ्यात नाटक बसवणाऱ्या रूथबाई आल्या. सत्तरीच्या, चेहरा पांढराफटक. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "स्क्रिप्टमध्ये हे नव्हतं. माझ्या पणजीचं घर त्या डॉक्टरच्या शेजारीच होतं. तो पाणी मागताना तिला ऐकू यायचं, पण कोर्टात सांगायची हिंमत झाली नाही. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कधीच गेली नाही. तुझ्या बायकोला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मी केतकीला आमच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. पण रोज सकाळी केतकी माझ्या ट्रॅव्हल मगमध्ये चहा भरून द्यायची आणि मी तो प्लांटच्या पार्किंगमध्ये बर्फात ओतून टाकायचो. लाज वाटायची, तरी ओतायचो.

परवा तो मग हातात देताना ती थांबली.

"पीत नाहीस ना तू?"

मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

"माझी भीती वाटते तुला?"

मी होकारार्थी मान हलवली. ती रडेल, चिडेल असं वाटलं होतं. तिने तो मग परत घेतला, सिंकमध्ये रिकामा केला आणि माझ्याकडे पाठ करूनच हळूच म्हणाली, "मलाही वाटते रे."

त्या दुपारी तिच्या तोंडून कोण बोललं, मला अजून कळलेलं नाही. हल्ली चहा मीच करतो - दोघांचा.