आतोबांची चौथी काडी

भविष्य सांगणारा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोपट आला असेल, नाहीतर दहा बोटांत दहा अंगठ्या. सॉरी. आमचे डोंबिवलीचे आतोबा, म्हणजे आत्याचे मिस्टर, लुंगी-बनियनवर बसून चिनी पद्धतीने भविष्य बघतात, आणि अख्ख्या कल्याण तालुक्यात त्यांच्याइतका सच्चा माणूस नाही.

तीन नाणी सहा वेळा टाकायची. दर वेळी एक रेघ, खालून वर. रेघ म्हणजे काडेपेटीतली काडी, अख्खी नाहीतर मधे मोडलेली. तिन्ही नाणी सारखी पडली की ती रेघ पिकली, तीच पालटणार. अख्खीची मोडकी, मोडकीची अख्खी. पहिली आकृती म्हणजे आज, पालटलेली म्हणजे उद्या. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, टँकर कधी येणार. "विहीर आहे, पण दोरी अपुरी," आतोबा नाकातून म्हणाले (हे मी हुबेहूब करतो, लग्नांत फर्माईश असते). "टँकरवाल्याला फोनच केला नसेल तुम्ही." खरंच केला नव्हता. उत्तर आवडलं नाही म्हणून कोणी 'परत टाका' म्हटलं, तर आतोबा चहासुद्धा देत नाहीत. कळव्याहून आलेल्या सख्ख्या भावाला तसंच पाठवलेलं.

तर गेल्या दिवाळीत त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, आमच्या ताईला, जर्मनीत नोकरी लागली. भांडी घासताना जर्मन पुटपुटायची पोरगी, पण अडून बसली. "तुम्हा दोघांना टाकून कशी जाऊ? बाबा, नाणी टाका. निघेल ते मान्य." तिला त्या काड्यांतलं ओ की ठो कळत नाही.

मी बाजूलाच बसलेलो. चौथ्या वेळी तिन्ही नाणी छापा. म्हणजे अख्खी काडी, पालटून मोडणार. सहा रेघांची आकृती निघाली ती अशी: आज डोंगरावर आग, म्हणजे वाटसरू. उद्या डोंगरावर डोंगर, म्हणजे बस घरी. आतोबा बराच वेळ ती काडी हातात धरून होते. मग त्यांनी ती आधीच मोडून मांडली. "आज डोंगर," म्हणाले. मग तुकडे उचलले आणि तिथे नवी अख्खी काडी ठेवली. "उद्या वाटसरू. जा."

मी तोंड उघडलं, तर आत्याने त्यात चकली कोंबली.

ताई गेली. विमानतळावरून घरी आलो आणि दारातच, चपला काढता काढता, आत्याने आतोबांना झापलं. तिचं हे बोलणं मी कुणाला करून दाखवत नाही, नुसतं सांगतो.

"मला काय दिसत नाही होय? इतकी वर्षं बघतेय तुमच्या काड्या."

आतोबा वाकून चपला जागेवर लावायला लागले.

"जन्मात एकदा खोटं वागलात, तेही एकट्याने. माझ्याकडे द्यायचीत ना. मीच मोडली असती."