टोप घातल्यावर बोलायचं नाही

सांगलीत फॅन कन्व्हेन्शन, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनवेड्यांचा मेळावा होणार, आणि तिथे कॉस्प्लेची, म्हणजे पात्रांचे पोशाख घालून उतरायची स्पर्धाही आहे, हे वाचल्यावर मी ती जाहिरात स्नेहलला पाठवली. तिचं उत्तर म्हणून फक्त एक अंगठा आला. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला आठवडाभर कळलं नाही.

स्नेहल माझी साताऱ्याच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. वहीच्या मागच्या पानांवर आम्ही दोघींनी मिळून दोन लढवय्या बहिणी रचल्या होत्या, वीज आणि गाज. त्यांचा एकच नियम होता: टोप डोक्यावर चढला की बोलायचं नाही. पुढे त्यांची चिलखतंही आम्ही खरोखर बनवली. मग स्नेहलला पुण्यात अ‍ॅनिमेशनला प्रवेश मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. प्रवेश रद्द करून ती आष्ट्याला सासरी गेली. लग्नात मी तिला म्हणाले होते, "संपलं म्हणजे सगळं." तेव्हापासून आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं होतं.

आठव्या दिवशी तिचा मेसेज आला, "गाज अजून आहे का तुझ्याकडे?" मी तिचा पोशाख खोक्यात घालून एसटीच्या पार्सलने आष्ट्याला पाठवला. उत्तर आलं, "मिळाला. थोडा ढिला करावा लागेल." कॉलेजात तिला फुंकर मारली तर उडेल म्हणायचो आम्ही. माझ्या डोक्यात काही शिरेना. फोन केला तर म्हणाली, तू सरळ हॉलवर ये, मी तयार होऊनच येते.

ज्यांना असं काही करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं तयारीबद्दल. मी कोरेगावात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, त्यामुळे कटर आणि हीटगन हाताशी होती. माझं, म्हणजे वीजचं, जुनं चिलखत मोडलं होतं; ते नव्याने करायला जाड फोमच्या शीट साताऱ्यात मिळाल्या. फोमला आधी हीटगनची धग द्या, मगच रंग लावा, नाहीतर तो दोन दिवसांत सुटतो. माझा पहिला खांदा असाच वाया गेला. टोपाने सगळा चेहरा झाकतो, म्हणून तोंडाशी स्ट्रॉ जाईल एवढं भोक ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

कोरेगावहून सांगलीला रेल्वेनेही जाता येतं, पण तिची वेळ जमेना. मी पहाटे साताऱ्याला आले आणि तिथून सांगलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खोक्यासाठी कंडक्टरांची समजूत घालावी लागली. नाटकाचं सामान हाय व्हय, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्याहून सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कऱ्हाडला गाडी दहा मिनिटं थांबली तेवढ्यात चहा झाला. पेठ नाक्याला हायवे सोडल्यावर मात्र रस्त्याचं काम चालू होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. दोन्ही बाजूंना ऊस होता. आष्ट्याच्या स्टँडवर मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं, उगाचच. स्नेहल कशाला दिसेल तिथे?

कन्व्हेन्शन एका मंगल कार्यालयात होतं. दाराला कुणाच्या तरी लग्नाचं तोरण तसंच राहिलेलं, आणि खाली पंख लावलेली, निळे केस केलेली, लाकडी तलवारी घेतलेली पन्नास-साठ पोरंपोरी. मिरजेहून आलेल्या एका मुलीने माझ्या पाठीचे पट्टे आवळून दिले. कपडे बदलायची जागा म्हणजे वधूपक्षाची खोली, एकच आरसा आणि दहाजणी. लवकर पोहोचा, एवढंच सांगेन.

मी टोप घालून बाहेर आले तर दाराशी गाज उभी होती. पूर्ण चिलखत, टोप, हातात भाला. मी हात केला. तिने मान हलवली. मी म्हटलं, "अगं, आलीस." ती काहीच बोलली नाही.

नियम मलाही आठवत होता, पण एवढ्या दिवसांनी भेटल्यावर कुणी तो पाळेल असं वाटलं नव्हतं. ती चालतही वेगळीच होती, पाय जपून टाकत, जड. स्टॉल बघू म्हटलं, आली. स्टिकर दाखवले, बघितले. लहान मुलांनी फोटो मागितले तेव्हा भाला सरळ धरून उभी राहिली. पण एक शब्द नाही. माझ्या मनात आलं की ही अजून लग्नातलं ते वाक्य धरून बसलीय. मग मला राग आला, आणि रागाच्या खाली रडूही.

स्पर्धेसाठी आम्हाला पडद्यामागे रांगेत उभं केलं. आमच्या पुढे सहाजण होते. तिथल्या अंधुक उजेडात मी तिच्या टोपाजवळ तोंड नेलं आणि साठलेलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, मी चुकले, तसं बोलायला नको होतं. पण तूच मला म्हणाली होतीस ना, की तुला हे लग्न एवढ्यात करायचं नव्हतं? पुण्याच्या प्रवेशाचा कागद फाडून तू रात्रभर रडलीस, आणि त्या घरात कुणाला त्याचा पत्ता तरी आहे का? तिने मान माझ्याकडे वळवली. मग तिने माझा हात धरला, हातमोज्यावरूनसुद्धा घट्ट. मला वाटलं, मिटलं.

स्टेजवरचं आम्ही फोनवर ठरवलं होतं: मी गुडघ्यावर बसायचं, तिने भोवती फिरून भाला माझ्या खांद्यावर टेकवायचा. मी बसले. ती फिरलीच नाही. समोर येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाया पडल्यावर थोरली माणसं ठेवतात तसा. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला काही कळेना. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

आत आल्यावर तिने दोन्ही हातांनी टोप काढला. आतून पंचावन्नच्या पुढच्या एक बाई निघाल्या. केस घामाने चिकटलेले, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं.

"पाणी दे गं आधी," त्या म्हणाल्या. "टोप घातला की बोलायचं न्हाई, असं स्नेहलनं बजावलं हुतं."

त्या स्नेहलच्या सासूबाई, सुमतीकाकू. स्नेहलला पाचवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मला कळवलं तर मी येणं रद्द करेन, म्हणून कुणी कळवलं नाही. काकू घरी ब्लाउज शिवतात. पोशाखही त्यांनीच ढिला केला. जोडी मोडणार म्हणून सून दोन दिवस हिरमुसली होती, तेव्हा त्यांनीच विचारलं, नुसतं उभं राहायचं हाय न्हवं? मुलाने सकाळी मोटारसायकलवरून आणून सोडलं.

मी खुर्चीवर बसले. पडद्यामागे मी काय काय बोलले ते एकेक वाक्य आठवत होतं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून काकूंनी डबा उघडला. त्यांचं घर जैनांचं, हे त्या पाळतात. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी मलाही दिली. मी कशीबशी म्हणाले, काकू, मघाशी मी जे बोलले...

"टोपात लय उकडत हुतं," त्या म्हणाल्या. "मला काय ऐकू आलं न्हाई."

मी सुटले असं वाटून खिडकीबाहेर बघत राहिले. दोन थांबे गेले. डबा पिशवीत ठेवताना त्यांनी विचारलं, "त्या पुण्याच्या शिक्षणाला किती वरसं लागत्यात?"

तीन, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

घरी स्नेहल कॉटवर उशीला टेकून बसली होती. मला बघून आधी हसली, मग रडली. लग्नातल्या त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली, या वेळी चेहरा बघून. रात्री मी तिथेच राहिले. आई बोलल्या का गं तिथे काही, असं तिने दोनदा विचारलं. टोप डोक्यावर असेपर्यंत एक अक्षर नाही, मी म्हटलं. ते खरंच होतं. सकाळी निघताना काकूंनी भडंगाचा पुडा दिला आणि मी पाया पडले तेव्हा स्टेजवर ठेवला होता तसाच डोक्यावर हात ठेवला.

कोरेगावला येऊन पंधरा दिवस झाले. चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. मैत्रिणीचं गुपित मी फोडलं, तेही नेमक्या माणसापाशी. काल तिचा फोन आला. काकूंनी तिला सहज विचारलं होतं, बाळ वर्षाचं झालं की तू परत शिकणार का, बाळाला मी बघते.

"त्यांना कुणी सांगितलं असेल गं?" स्नेहल म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. आनंदाने की भीतीने, तेही मला ओळखता आलं नाही.

मी सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. तू काय म्हणालीस, एवढंच विचारलं.

"हो म्हणाले," ती म्हणाली.