बारा बकरी आणि एक काळा कोट

जयराज वकिलांच्या ऑफिसात दारामागच्या खुंटीला एक काळा कोट असायचा. तो कुणा एकाचा नव्हता. सनद हातात घेऊन कुणी नवा पोरगा, कुणी नवी पोरगी साताऱ्याच्या कोर्टात उभी राहायला आली, की पहिले दिवस तो कोट त्यांच्या अंगावर चढायचा. पोर चणीनं लहान असली तर मोहिद्दीन कारकून कोट घरी न्यायचा. त्याची बायको मेहरुनबी शिवणकाम करायची. ती बाह्या आत दुमडून टाके घालायची, पण कापड कधी कापायची नाही.

"राहतंय कोण इथं?" ती म्हणायची. "उद्या लांब हाताचा कुणी आला, मग?"

तिचं खोटं नव्हतं. मोहिद्दीन एकतीस वर्षं त्या ऑफिसात बसत आला होता. त्यानं त्या कोटातून किती पोरं येताना पाहिली आणि किती जाताना. एक बँकेच्या वसुलीला लागला. एक कऱ्हाडला प्लॉट विकू लागला. दोघं न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करायला पुण्याला गेले, ते अजून अभ्यासच करत होते. दर वर्षी कॉलेजातून नवी पोरं बाहेर पडायची, कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबलं वाढायची, आणि अशील मात्र होते तेवढेच. ज्युनिअरला काम शिकायला मिळायचं. पोटाचं ज्यानं त्यानं बघायचं.

स्वप्नालीच्या अंगावर तो कोट दीड वर्ष टिकला, हेच नवल होतं.

ती माण तालुक्यातली. बाप आप्पासो, तिचा आण्णा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला. दिवाळी सरली की कळप घेऊन खाली नदीकाठच्या रानांत उतरायचं आणि उन्हाळा संपता संपता माघारी वळायचं, असं त्याचं आयुष्य. त्या चालण्यातून, शाळेत ठेवलेल्या या एका पोरीनं बारावी काढली, पदवी काढली आणि वकिलीचीही परीक्षा काढली. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी. मोहिद्दीनला तिची एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून दिसली होती. ती कागद शेवटपर्यंत वाचायची. बाकीची पोरं वरचा मथळा आणि खालची सही बघायची. ही प्रत्येक ओळीखाली बोट धरायची, दिवस मावळताना कुडाच्या कुंपणात शिरणारं जनावर एकेक करून मोजावं तशी.

एकदा चहा पिताना तिनं मोहिद्दीनला सांगितलं होतं, की कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर बोलताना तिच्या तोंडून एक शब्द गेला आणि वर्ग दिवसभर हसत राहिला.

"कसला शब्द, बेटा?"

"जाऊ द्या चाचा. आमच्याकडचा होता. त्या दिवसापासनं मी तो टाकला."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मग शिरवळहून बोलावणं आलं. तिथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगारांच्या फाइली सांभाळायची नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार, ने-आण करायला गाडी. स्वप्नाली मुलाखतीला जाऊन आली आणि तिला घेतलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी ती ऑफिसात आली ती कोटाचं बोलतच.

"चाचा, आजच्या दिवस घालते. संध्याकाळी खुंटीला लावून जाईन. आण्णा येणार आहेत शिरवळला सोडायला."

"बरं," मोहिद्दीन म्हणाला. असं 'बरं' तो कितव्यांदा म्हणत होता, ते त्यानं मोजायचं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी बोर्डावर धोंडुबाईचा अर्ज होता.

धोंडुबाईही माणकडचीच, साठीला आलेली धनगरीण. साताऱ्याजवळच्या एका रानात तिचा तळ पडला होता. पहाटे कुणीतरी टेंपोत घालून तिची बारा जनावरं नेली. आठ दिवसांनी पोलिसांना ती एका व्यापाऱ्याच्या गोठ्यात सापडली. व्यापारी म्हणाला, माझी आहेत, बाजारातनं आणली. जनावरं कोंडवाड्यात गेली आणि धोंडुबाई कोर्टात आली. कोंडवाड्याच्या भिंतीवरून तिनं हाळी घातली तेव्हा आतली बाराच्या बारा भिंतीला येऊन भिडली होती. पण हाळीची नोंद कुठल्या पंचनाम्यात होत नाही. माघारी तळावर त्यांची पिलं ओरडून ओरडून बसली होती.

तिची जनावरं तिला परत द्यावीत, असा अर्ज मोहिद्दीननं लिहिला होता. स्वप्नाली त्या दिवशी शिरवळला मुलाखतीला गेली होती. धोंडुबाई समोर उकिडवी बसून सांगत होती, "आवं, बारा बकरी गेली माजी," आणि मोहिद्दीन तिचं बोलणं कोर्टाच्या भाषेत बसवत होता. हे काम त्याच्या अभिमानाचं होतं. खेड्यातलं माणूस कसंही बोलू दे, कागदावर ते शुद्ध उतरलं पाहिजे. 'गेली' हे त्यानं 'चोरीस गेल्या' असं केलं. 'बकरी' हा शब्द त्याला ओबडधोबड वाटला. बकरीईदला दारात बांधतात ती बकरी म्हणजे शेळीच की. मेंढपाळांच्या कळपात चार शेळ्या असतातच, त्या गेल्या असणार. त्यानं छान लिहिलं, 'बारा शेळ्या'.

पुकारा झाला. स्वप्नाली जयराज वकिलांमागे उभी राहिली. मागच्या बाकावर आप्पासो येऊन बसला होता, डोक्याला तांबडं पागोटं, दोन्ही गुडघ्यांत पोरीची बॅग धरलेली. पोलिसांचा पंचनामा आत्ता कुठं हाती आला होता. जयराज वकिलांनी तो वरवर चाळून स्वप्नालीकडे दिला, आणि ती लगेच ओळींखाली बोट धरून वाचू लागली.

व्यापाऱ्याच्या बाजूनं हंबीरराव वकील उभे राहिले. पांढऱ्या मिशांचा, गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, फिर्याद आहे बकऱ्यांची. अर्ज आहे शेळ्यांचा. आणि माझ्या अशिलाकडनं जप्त केल्या आहेत मेंढ्या. कागद तीन आणि जनावरं तीन जातींची. बाईंचं नक्की काय गेलंय, ते त्यांनी आधी घरी बसून ठरवावं आणि मग यावं."

बाकांवर हसू पसरलं. न्यायाधीश बाई तरुण होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी जयराज वकिलांना विचारलं, "तुमच्या अर्जात शेळ्याच लिहिलंय ना?"

जयराज वकिलांनी मान वळवून मोहिद्दीनकडे बघितलं. मोहिद्दीनचे कान तापले. एकतीस वर्षांत त्याच्या मसुद्यातली वेलांटीसुद्धा कुणाला बदलावी लागली नव्हती. आणि आज त्याच्या एका शुद्ध शब्दानं या बाईचा कळप व्यापाऱ्याच्या दावणीला जाणार होता.

स्वप्नाली पुढं वाकून जयराज वकिलांच्या कानाशी काही बोलली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि ते खाली बसले.

"माझ्या सहकारी बोलतील, मॅडम."

ती पुढं आली. हात वर करताना कोटाच्या उजव्या बाहीचा टाका तुटला आणि दुमडलेलं कापड तिच्या बोटांवर उतरलं. तिनं ते मागं सारलं. मोहिद्दीनला वाटलं, संपलं आता.

"मॅडम, आमच्या घरी मेंढराला बकरी म्हणतात," स्वप्नाली म्हणाली.

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. तिचा आवाज हलला नाही.

"माझे वडील म्हणतात. आजोबा म्हणायचे. मीही म्हणते. शेळीला आम्ही शेरडू म्हणतो. धोंडुबाईंनी पोलिसांना त्यांच्या बोलीत सांगितलं, पोलिसांनी ते होतं तसं लिहिलं. अर्जातला 'शेळ्या' हा शब्द आमच्या ऑफिसची चूक आहे."

मोहिद्दीनला आता कळलं, कॉलेजात हसं झालेला तो शब्द कुठला. जो शब्द तिनं सात वर्षं तोंडाबाहेर काढला नव्हता, तो ती भरल्या कोर्टात, सरळ उभी राहून, आपला म्हणून सांगत होती. मागच्या बाकावर आप्पासोनं पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं.

हंबीरराव उठले. "घरी कोण कशाला काय म्हणतं, हा पुरावा झाला का?"

"नाही साहेब," ती म्हणाली. "पुरावा तुमच्या-माझ्या हातातल्या कागदात आहे. फिर्यादीची सातवी ओळ बघा. बाई म्हणतात, 'बारातल्या आठ बकऱ्यांची कातरण झाली होती, चारांची राहिली होती.' शेळीची लोकर कुणी कातरत नाही. आता पंचनाम्याचं दुसरं पान. जप्त केलेल्या बारा मेंढ्यांपैकी आठ अंगावर लोकर नसलेल्या, चार लोकर असलेल्या. हे पोलिसांनी स्वतः बघून लिहिलंय. फिर्याद आधीची आहे आणि पंचनामा आठ दिवसांनंतरचा. बाईंना हा आकडा आधीच कसा कळला?"

मोहिद्दीननं ती फिर्याद कमीत कमी दहा वेळा हाताळली होती. सातव्या ओळीवरून त्याची नजर दहाही वेळा नुसती घसरत गेली होती. ओळ तीच, अक्षरं तीच, आणि या पोरीच्या बोटाखाली तिला आठ आणि चार अशी जिवंत जनावरं दिसली होती. त्याच्या अंगावर काटा आला. बांगेच्या पहिल्या सुराला येतो तसा.

न्यायाधीश बाईंनी धोंडुबाईला पुढं बोलावलं. "बाई, तुमच्याकडे शेळ्या आहेत का?"

"शेरडं व्हय? हायती की दोन. दुधापुरती. ती तळावरच हायती, त्यास्नी कोण नेतंय? बकरी गेली माजी."

"त्या चारांची कातरण का राहिली होती?"

धोंडुबाईनं न्यायाधीशांकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "गाभण हायती न्हवं त्या. पोटावर कातर फिरवत्यात व्हय, बाई?"

या वेळचं हसू वेगळं होतं, आणि त्यात न्यायाधीश बाईही होत्या. त्यांनी पंचनामा पुन्हा बघितला. मग दुरुस्तीचा अर्ज आत्ता, इथंच द्यायला सांगितला. स्वप्नालीनं तो उभ्या उभ्या हातानं लिहिला, आणि 'शेळ्या' खोडून 'मेंढ्या (बकरी)' असं लिहिताना तिची लोंबती बाही शाईत भिजली. दुपारच्या आत हुकूम झाला. धोंडुबाईकडून हमीपत्र घेऊन बाराही जनावरं तिच्या ताब्यात द्यावीत.

बाहेर व्हरांड्यात हंबीरराव वकील पान जुळवत उभे होते. स्वप्नाली दिसताच त्यांनी मान हलवली.

"पोरी, आमच्या रानात दरसाल बकरी बसवतो आम्ही खतासाठी. मला काय ठाऊक नव्हतं होय?"

"मग साहेब?"

"मग काय? मी व्यापाऱ्याचा वकील, मी कशाला सांगू ते कोर्टाला? ते सांगायचं काम तुझं होतं. तू केलंस." पान तोंडात टाकून ते निघून गेले.

मोहिद्दीन तिच्यासमोर आला. "बेटा, चूक माझी होती. ऑफिसची म्हणालीस."

"तुम्ही ऑफिसच की चाचा," ती म्हणाली, आणि भिजलेली बाही पिळू लागली.

धोंडुबाई कोंडवाड्याकडे धावलीच होती, ती अर्ध्यातून परत आली. तिनं स्वप्नालीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांशी बोटं मोडली आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"आप्पासोची. हे काय माझे आण्णा."

धोंडुबाईनं आप्पासोला पायापासून पागोट्यापर्यंत बघून घेतलं. "आरं, ही तुजी? आमच्या वाड्यावर अजून दोघांची रानाची भांडणं हायती. त्यास्नी सोमवारी लावून दिऊ का हिच्याकडं?"

सोमवार हा शब्द तिघांमध्ये तसाच राहिला. धोंडुबाई गेली आणि तिघं ऑफिसात आली. आप्पासो बॅग दोन्ही हातांत धरून बराच वेळ पोरीकडे बघत होता, उंच कड्यावर चढून गेलेल्या कोकराकडे खालून बघावं तसा. पोटाला काय, हा त्याचा प्रश्न अजून होताच. तो मोहिद्दीनकडे वळला.

"आवं चाचा, शिरवळची गाडी कवा हाय?"

"दर अर्ध्या तासाला आहे."

"मग ही गाडी जाऊ द्या," आप्पासो म्हणाला. त्यानं बॅग खाली, टेबलाशेजारी ठेवली. "आमी दुसऱ्याची बी बकरी सांभाळलीत. हिला अजून दोन वरसं सांभाळू. तुज्या मनात काय हाय गं?"

स्वप्नालीनं फोन काढला, बाहेर झाडाखाली गेली आणि शिरवळच्या माणसांशी बोलून आली. आल्यावर तिनं कोट अंगातून काढला. मोहिद्दीननं सवयीनं खुंटीकडे हात केला, पण तिनं कोट त्याच्या हातात दिला.

"चाचा, हा घरी न्या. बाहीचा टाका तुटलाय."

"दुमडून देईल मेहरुनबी."

"दुमडायला नको. माझ्या हाताच्या मापानं कापायला सांगा."

संध्याकाळी मोहिद्दीननं कोट मेहरुनबीसमोर टाकला आणि मनगटाजवळ खडूनं खूण करून दाखवली. मेहरुनबीनं कात्री उचलली, खुणेवर ठेवली आणि थांबली.

"नीट विचारलंत ना? एकदा कापलं की मागनं येणाऱ्याला होणार नाही."

"माहीत आहे," मोहिद्दीन म्हणाला. "काप."