लाल रेघेतला ऊस

बारामती-इंदापूर वाटेवर, कालव्याखाली आमचं रान होतं. मी लहान असताना कालव्याच्या कचेरीचं म्हणणं एकच असे: पाणी घ्या, ऊस लावा. लोकांनी मोटा सोडून दिल्या. माझ्या विधवा आईनं मात्र विहीर सोडली नाही. कालव्याचं पाणी ती अडीअडचणीलाच घ्यायची.

“कालवा दारात असताना बैलं कशापायी मारतीस?” शेजारी हसत.

“जिमिनीला प्यालेलं पचाय बी पायजे,” ती म्हणायची.

काही वर्षांत खालच्या रानांतल्या विहिरी काठोकाठ भरल्या, कारण उपसणारं कोणी नव्हतं. पाण्याबरोबर खार वर आला. सऱ्यांवर पांढरं पीठ फुटलं, ऊस पिवळा पडला.

मग कचेरीचं मत फिरलं. साहेब नकाशा घेऊन आले. लाल रेघेच्या आत ऊस बंद, पाणी बंद. त्या रेघेत आमचंही रान होतं, आणि लावणीचं उसाचं बेणं तोडून बांधावर पडलं होतं. दोन दिवसांत लावलं नसतं तर ते वाळलं असतं. मला रडू आलं, आईला संताप.

तिनं खालच्या रानातली चिमूटभर माती आणली, आपल्या रानातली घेतली आणि साहेबांबरोबर आलेल्या कारकुनापुढं दोन्ही धरल्या. “चव घ्या.” कारकून मागं सरला. तिनं स्वतः दोन्ही जिभेवर ठेवल्या. पहिली थुंकली, दुसरी गिळली.

“बाई, हुकूम झालाय,” कारकून म्हणाला.

“मग हुकूमच पेरा! पानी तुमचं नगं मला. हीर माझ्या सासऱ्यानं खनलीय.”

आणि त्यांच्यादेखत तिनं मोटेला बैल जुंपले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी निम्मं बेणं दाबलं. माझे हात सोलले होते, पण इतकी मजा मला लग्नातसुद्धा आली नाही!

पुढं दोनेक वर्षांनी तोच कारकून चावडीत नवा हुकूम वाचायला आला: निचऱ्यासाठी चर खणा, विहिरींचं पाणी उपसा. सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. कारकून गोड आवाजात म्हणाला, “बाईंनी या लोकांना विहीर कशी राखली ते सांगावं. त्यांच्या रानावरची रेघ आम्ही पुसतो.”

आई उठली. खालच्या रानाचे मालक समोरच बसले होते. एके काळी हसणारे. त्यांच्याकडं बघत तिनं कारकुनाला विचारलं, “सांगती की. पर ह्यांच्या रानांतला खार कोन धुनार?”

कारकुनानं हातातला कागद उलटून पाहिला; खार धुवायचा हुकूम त्यात नव्हता.