आठव्या दिवसाची पाहणी

त्या चौकशीची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी कल्याण तालुक्यात फौजदार होतो. पोलीस ठाण्यात एक निनावी अर्ज आला. आंबिवलीपलीकडच्या एका गावात देवी डॉक्टरने नासकी लस टोचली, चार-पाच पोरांचे दंड सडले आणि एक सहा वर्षांची मुलगी धनुर्वाताने गेली, असं त्यात लिहिलं होतं. गावाने लस घ्यायचीच नाही असं ठरवून टाकलं होतं. इकडे देवीची साथ शेजारच्या गावापर्यंत येऊन पोचली होती.

देवी डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हे. गावोगाव फिरून दंडावर ओरखडे काढणारा, त्यात लस भरणारा सरकारी नोकर. हा कल्याणचाच होता.

प्रांतसाहेबांनी गावच्या शाळेत जाहीर चौकशी लावली आणि जबाब नोंदवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"लस कशी होती?"

"हिरवीगार व्हती सायेब."

"तू पाहिलीस?"

"मी नाय, माज्या साडूनं."

साडूला उभा केला, तर तो त्या दिवशी भिवंडीला गेलेला. पहिले दोन दिवस असेच गेले. शपथ घ्यायला सगळे पुढे आणि डोळ्यांनी पाहिलेला एकही नाही. ऐकीव गोष्टींनी माझे कागद भरले आणि टाक मोडायची वेळ आली.

देवी डॉक्टरची तऱ्हा वेगळीच. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी. काहीही विचारा, तो रजिस्टर उघडायचा. लस घातल्यावर आठव्या दिवशी गावात परत जाऊन प्रत्येक मुलाचा दंड पाहायचा, असा नियम होता. त्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा होता : फोड उत्तम.

तिसऱ्या दिवशी मी वैतागून सांगितलं, "आता तोंडं बंद. पोरं आणा आणि दंड दाखवा."

दंडांवर करडा, वाळलेला थर होता. हे काय म्हणून विचारलं. गेलेल्या मुलीची आईच बोलली. तिच्या कडेवर धाकटी होती.

"अंगारा हाय सायेब. देवी काढल्या म्हंजे घरात देवी आली. तिला अंगारा नको?"

देवळातल्या धुनीची राख ओल्या शेणात कालवून जखमेवर थापायची, तीही सकाळ-संध्याकाळ. दोन दिवस लशीचा रंग सांगणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं! कल्याणच्या सरकारी डॉक्टरांना विचारलं. धनुर्वात शेणातून शिरला असणार, असं ते म्हणाले. त्याच पेटीतली लस घेतलेली रेल्वेच्या चाळीतली पोरं तर उड्या मारत होती.

प्रांतसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, गावाचाच अडाणीपणा. लिहून टाका."

मी लिहिणारही होतो. पण रजिस्टरातल्या आठव्या दिवसाच्या तारखेशी माझी नजर अडली; वेळ सकाळी दहाची लिहिली होती. ठाण्यातून स्टेशन डायरी मागवली. त्या दिवशी मी स्वतः नदीपलीकडे देवीच्या जत्रेत बंदोबस्ताला होतो आणि हे गाव पोराबाळांसकट पालखीबरोबर तिथे आलं होतं. मग सकाळी दहा वाजता गावात याने कोणाचे दंड पाहिले? कुत्र्यांचे?

देवी डॉक्टरला बाजूच्या वर्गात नेलं आणि दोन्ही वह्या त्याच्यासमोर ठेवल्या.

"साहेब, इतकी गावं आणि मी एकटा. घरी बसून भरलं."

"जखमेवर काही लावू नका, हे तरी सांगितलं होतं?"

"पाटी लावली होती, साहेब. चावडीवर."

गावात वाचता येणारी माणसं होती तीन! मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मारली नाही, याचं आजही नवल वाटतं.

त्याने हे सगळं भर चौकशीत कबूल केलं. शाळेत गलका उठला. तो शमल्यावर त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, "म्हंजे अंगारा लावून मीच मारली तिला?"

प्रांतसाहेब कागद चाळू लागले. बोलला तो देवी डॉक्टरच, आणि या वेळी रजिस्टर न उघडता. "नाही बाई. मी आठव्या दिवशी आलो असतो तर दंड धुतला असता. तिला त्यानंतर दोन दिवसांनी आकडी आली. कदाचित वाचली असती."

बाईने धाकटीचं झबलं खांद्यावरून खाली ओढलं. "हिला टोच. पर आठव्या दिवशी यायचा. नाय आलास तं मी कल्यानला तुज्या दारात येऊन बसेन."

त्याच्यावर पुढे कारवाई झाली. पण त्या आठवड्यात दुसरा माणूस मिळेना, म्हणून आठव्या दिवशी त्यालाच पाठवलं आणि मी सोबत गेलो. माझा ना नोंदींवर विश्वास उरला होता, ना साक्षींवर. दोन्हीकडची माणसं खोटं बोलतात ती लबाडीने कमी आणि विचारणाऱ्याला हवं ते सांगून मोकळं व्हायच्या घाईने जास्त. म्हणून त्यानंतर नोकरीभर मी आधी जागेवर जाऊन पाहत आलो आणि मग जबाब घेतला.

ती बाई दारातच उभी होती. अंगारा तिने धाकटीच्या कपाळाला लावला होता. दंड स्वच्छ होता.