हवेत आवळलेला बोल्ट

चाकणच्या मोटार कारखान्यात एकवीस वर्षं काढून धोंडीबा निवृत्त झाला, तो पिंपळे सौदागरच्या सोसायटीत असा वावरू लागला, जणू रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्याच्याच हातून गेली आहे. म्हणूनच लेकीच्या, मिनलच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात खडखडू लागलं आणि तिने गॅरेजवाल्या रियाजचं नाव काढलं, तेव्हा हा पार्किंगमध्ये, खुद्द रियाजसमोर गरजला, "त्याला काय कळतंय? चाक धरणारे असे लोअर आर्म मी हजारोंनी बसवलेत!"

रियाज हसून निघून गेला. मिनलची मान मात्र ताठ झाली. "बाबांना गाडीतलं सगळं येतं," ती शेजारणीला म्हणाली.

रविवारी धोंडीबाने गाडी जॅकवर चढवली, झिजलेला आर्म उतरवला, नवा लावला, बोल्ट गच्च आवळले. "काका, गॅरेजचा बोर्डच लावा आता!" वरच्या गॅलरीतून शेजारच्या सुमनताई ओरडल्या.

महिन्याभरात खडखड परत आली, पहिल्यापेक्षा जोरात. मिनलने रियाजला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं; आर्मच्या सांध्यातलं रबरी बुश पिळवटून फाटलं होतं.

"काका, चाक लटकतं असतानाच आवळलंत? मग गाडी खाली आली की रबर पिळतं."

"मग? कारखान्यात लाइनवर गाडी लटकलेलीच असायची."

"आणि पक्कं कोण आवळायचं?"

धोंडीबाच्या आता लक्षात आलं. तो फक्त बोल्ट अडकवायचा. गाडी खाली उतरून चाकांवर वजन आलं की पुढच्या स्टेशनवरचा माणूस आवळायचा. तिकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मिनल आली. "काय झालंय, रियाजभाई?"

रियाजने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. "काही नाही ताई, पार्टच हलका निघाला. काकांचं काम एक नंबर."

ज्याला चारचौघांत अडाणी ठरवलं, तोच अब्रू झाकत होता. धोंडीबाला ते सोसवेना.

"खोटं बोलतोय तो. माझं चुकलं, पोरी. मला नुसता बोल्ट अडकवता यायचा. आवळणारे दुसरे होते."

"रोज हायवेने जाते मी या गाडीतून, बाबा," मिनल हळूच म्हणाली. ती ओरडली असती, तर बरं वाटलं असतं त्याला.

रियाजने दुसरा आर्म चढवला, गाडी चाकांवर उतरवली आणि पाना पुढे केला. "घ्या काका, आता वजन आलंय."

धोंडीबाने हात मागे घेतला. "तू आवळ. मी बघतो," म्हणाला, आणि लेकीच्या नजरेला नजर न देता गाडीशेजारी उकिडवा बसला.